आंबिलातला हाकारा

या, असे जवळ सरका. सतरंजी मोठी आहे, पाय आखडून बसू नका. माउली, तुम्ही त्या खांबाआड कशाला? पुढं या. आज पूर्वरंग थोडका आणि आख्यान मोठं. आख्यान देवादिकांचं नाही, आपल्याच गावातल्या एका बाईचं आहे. ऐकताना हसू आलं तर खुशाल हसा, ती पण हसरीच होती. एवढं मात्र आधीच सांगून ठेवतो, यात वाईट माणूस एकही नाही. तो असता तर हे सांगणं फार सोपं झालं असतं.

हरणमाळ हे निलंगा तालुक्यातलं काळ्या रानाचं गाव. इथली ज्वारी पावसावर येत नाही. पाऊस निघून गेल्यावर मातीच्या पोटात जी ओल राहते तिच्यावर येते. त्या ज्वारीला एकच मोठा वैरी होता, टारफुला. दिसायला इतका गरीब की तोडून देवाला वाहावा. वीतभर रोप, पांढरी फुलं. पण जमिनीखाली त्याची मुळं ज्वारीच्या मुळांत घुसतात आणि तिचं अन्न आयतं पितात. वर ज्वारी माना टाकते, खाली हा फुलत असतो. उपटून संपत नाही, कारण त्याचं बी धुळीसारखं बारीक असतं आणि मातीत वर्षानुवर्षं जीव धरून राहतं.

प्रयाग ही दिगंबरची बायको. लग्न होऊन आली तेव्हा घरात सासू नव्हती, दोन वेण्यांची नणंद तेवढी होती. शिवकन्या तिचं नाव. प्रयागनं तिच्या वेण्या घातल्या, डबे भरले, तालुक्याला आणि पुढं विद्यापीठात धाडलं. शिवकन्या डॉक्टर झाली, पण मातीतल्या जिवांची. गावाला वाटलं होतं, पोरगी दवाखाना काढील. प्रयाग भजनाला आली की बायका तिला छेडायच्या.

"का गं, डॉक्टरीन मला गोळी देईल का गुडघ्याला?"

"आमची डॉक्टरीन माणसाला शिवत न्हाई माय," प्रयाग म्हणायची, "ती जंतूंची बाळंतपणं करती."

म्हणायची, आणि अंगभर हसायची. मी पखवाजाला कणीक लावत बसलेला असायचो, माझा हात थांबायचा, असं ते हसणं.

शिवकन्या कृषी संशोधन केंद्रात लागली आणि पहिल्याच हिवाळ्यात एक छोटी सूक्ष्मदर्शक दुर्बीण घेऊन घरी आली. रानात ज्वारीचं एक रोप मुळासकट काढलं, मूळ धुऊन निळ्या रंगात बुडवलं आणि भावजयीला म्हणाली, "वैनी, डोळा लाव."

प्रयागनं डोळा लावला. "आगं! मुळाच्या पोटात बारकी बारकी झाडं हायती की. फांद्या बी फुटल्यात."

"ती बुरशी हाय. मायकोरायझा. बघ, कशी घर करून बसलीय."

"आन् तिला कोण बोलिवलं?"

"ज्वारीनंच."

ते कसं, हे शिवकन्येनं बांधावर बसून सांगितलं. मीही तिथं होतो, तेव्हा मला समजलं तसं तुम्हाला सांगतो. जमिनीत स्फुरद कमी पडलं, म्हणजे झाडाला भूक लागली, की मुळं एक रस पाझरतात. स्ट्रायगोलॅक्टोन त्याचं नाव, ते विसरलात तरी चालेल. विहिरीत साखरेचा एक दाणा टाकावा, इतका थोडका रस. पण मातीत झोपलेली बुरशी तेवढ्यानं जागी होते. तिला धागे फुटतात, ते रसाचा माग काढत मुळाशी येतात. मग ती केसाहून बारीक धाग्यांनी लांबलांबच्या भेगांतून पाणी आणि स्फुरद ओढून आणते, आणि झाड तिला आपली साखर देतं. ना तोंड, ना कान. तरी भुकेल्यानं हाक मारावी आणि दुसऱ्यानं ओ द्यावी, असं हे पाताळात रोज चाललेलं असतं. पोट भरलेलं झाड हाक मारत नाही, हेही ती म्हणाली. कीर्तनात उभं राहून सांगावं असंच होतं ते.

"आन् टारफुला?" प्रयागनं विचारलं.

"त्यो चोरून ऐकतो. हाक बुरशीला असती, उठतो ह्यो."

"मेल्याचं मढं बशिवलं!"

"म्हणूनच वैनी, आपण खोटी हाक मारायची. रानात ज्वारी नसताना. टारफुल्याचं बी उगवंल, मूळ धुंडील, मूळ घावणार न्हाई, मरून जाईल."

प्रयागनं बांधावरची माती चिमटीत घेतली. "मग ती बुरशी बी उठंल की गं. तिला वाटंल, पोरानं बोलिवलं."

"उठंल. पण तिला दम असतो. चार-दोन येळा फसली तरी परत झोपती. आपली हाक थोडेच दिवस चालंल."

शिवकन्येनं बनवलेला जीव तो हाकारा. साधाच मातीतला जिवाणू. त्याला रस बनवायची विद्या शिकवलेली. आणि गळ्यात दावं बांधलेलं: त्याला जगायला एक खास अन्न लागतं, ते मातीत मिळत नाही, फक्त केंद्राच्या काल्यात असतं. काला म्हणजे जिवाणू कालवलेलं ते पातळ खाद्य, शिवकन्येनंच त्याला हे नाव दिलेलं. अन्न संपलं की हाकारा मरणार, हाक बंद. सरकारनं या दाव्यावर भरवसा ठेवून गावातल्या मोजक्या रानांना परवानगी दिली. त्यात दिगंबरचं रान होतं.

दत्तजयंतीचा सप्ताह बसला. काल्याच्या दिवशी सकाळी महाराजांचं कीर्तन झालं. ते म्हणाले, गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र कालवल्या, मग कुणाची भाकरी कोणती हे देवालाही ओळखू येईना. जोवर माझं ताट वेगळं आहे तोवर तो प्रसाद नाही, ते नुसतं जेवण आहे. प्रयाग पुढच्या ओळीत बसून डोळे पुसत होती.

कीर्तन सुटल्यावर शिवकन्येनं त्याच मंडपात हाकाऱ्याची माहिती दिली. शेजारच्या रानाची राजाबाई उठली. तोंडानं फटकळ, मनानं लोणी.

"व्हय गं शिवू, तुमच्या रानात औषीद आन् आमच्या रानात टारफुला? शास्त्र बी सोयरीक बघून येतंय का?"

लोक हसले. शिवकन्या लाजली. "काकू, परवानगीच तेवढ्याची हाय. दोन वर्सं बघायचं, मग समद्यांना."

"दोन वर्सं! तवर आम्ही टारफुल्याच्या पोळ्या करून खाताव."

प्रयाग मात्र हसली नाही. शेजारणीचं रान वाळत असताना आपलं तेवढं हिरवं, ही गोष्ट तिच्या घशाखाली उतरेना.

मग येळवस आली, मार्गशीर्षातली आपली वेळ अमावस्या. परगावच्या पाहुण्यांना काय सांगू, आमच्या भागात त्या दिवशी गाव ओस पडतं आणि रानं भरतात. कडब्याची कोप म्हणजे खोपी, तिच्यात पाच पांडवांचे दगड, शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आणि मडक्यात आंबील. ताकात ज्वारीचं पीठ आंबवलेली. आदल्या दिवशी मडकं घोंगडीत गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवायचं. आमच्या हरणमाळात आणखी एक रीत: कुणाच्या घरची आंबील नुसती तिच्या घरची नसते. बायका घरोघरी फिरून एकमेकींच्या मडक्यात आपल्या विरजणाची वाटी घालतात. दुसऱ्या दिवशी रानात पूजा झाली की लिंबाच्या डहाळीनं "ओलगे, ओलगे" अशी हाळी देत चारी बांधांना आंबील शिंपायची, मग सगळ्यांनी प्यायची.

त्या वर्षी प्रयागनं आपल्या मडक्यात शिवकन्येनं रानासाठी पडवीत आणून ठेवलेल्या पिंपातला एक वाटीभर काला घातला. शिवकन्येनंच सांगितलेलं होतं, माणसाला त्यानं काही होत नाही. मग ती घरोघरी विरजण द्यायला निघाली. राजाबाईच्या मडक्यात तिनं दोन वाट्या घातल्या.

"एवढी माया?" राजाबाई म्हणाली.

"पी गप," प्रयाग म्हणाली.

त्या येळवशीला आम्ही सगळे आंबील प्यालो. लातूरहून, उदगीरहून पाहुणे आले होते, जाताना तांब्या भरभरून घेऊन गेले.

वर्ष उलटलं. पुढच्या रब्बीत अख्ख्या शिवारात टारफुल्याचं एक फूल दिसलं नाही. लोकांनी शिवकन्येला फेटा बांधायचा घाट घातला. ती मात्र पांढरी फटक पडली. तिनं राजाबाईच्या रानातली माती नेली, गायरानातली नेली, ओढ्याकाठची नेली. आली ती सरळ चुलीपाशी. प्रयाग भाकरी थापत होती.

"वैनी, हाकारा समद्या गावात पसरलाय."

प्रयागच्या चेहऱ्यावर ऊन पडावं तसं झालं. "मग? घातला कुणी? म्या! आंबिलात घातला. म्हणलं, माझ्या पोरीच्या हातचं समद्यांच्या मुखी लागू दे."

शिवकन्या पाटावर बसली. तव्यावरची भाकरी करपली, दोघींपैकी कुणीही ती उलटली नाही.

"वैनी, त्यो मरायला पायजे होता."

"मेला न्हाई?"

"न्हाई. त्याला दावं होतं. आंबिलात तुटलं."

झालं होतं ते असं. जिवाणू एकमेकांना विद्या उसनी देतात, शेजारणी विरजण देतात तशी. ताकातल्या जिवाणूंमध्ये कुणाला तरी ते खास अन्न बनवायची विद्या होती. रात्रभर उबेला, एकाच मडक्यात, दाटीवाटीनं बसून हाकाऱ्यानं ती उचलली. आता त्याला काल्याची गरज नव्हती. तो मातीत जगू शकत होता, वाढू शकत होता, आणि एकच गोष्ट करत होता. हाक मारत होता. सगळ्या रानात, बारा महिने, अखंड.

"आन् ती बुरशी?" प्रयागनं हळूच विचारलं.

शिवकन्येनं करपलेली भाकरी तव्यावरून उतरवली.

बुरशी उठत होती. हाक आली की उठायची, पोटातली साठवण खर्चून धागे फोडायची, मुळाच्या शोधात जायची. मूळ नसायचं. परत निजायची. परत हाक. आई किती वेळा दारापर्यंत जाईल? शेवटी तिच्यात उठायचं बळ उरलं नाही.

त्याच्या पुढच्या साली ज्वारी उगवली, कमरेएवढी झाली आणि थांबली. कणसं पोटरीतच, पानाच्या गुंडाळीतच अडकली. लोकांनी खत टाकलं. स्फुरद मिळालं, पण भेगांतली ओल कोण आणून देणार? ती आणणारे धागेच नव्हते. तूर गेली, हरभराही खुरटला. उदगीरकडून, लातूरकडून तशाच बातम्या यायला लागल्या, जिथं जिथं तांबे गेले होते तिथून.

शिवकन्येनं खत न घातलेल्या रानातलं रोप उपटून मूळ निळ्या रंगात बुडवलं. प्रयागनं डोळा लावला. बराच वेळ लावून धरला.

"काय दिसतंय वैनी?"

"रिकामं घर."

"मुळाला रस फुटतोय अजून. ज्वारी हाक मारायलीय."

"मारू दे की," प्रयाग म्हणाली आणि पदर तोंडाला लावून बाहेर गेली.

हाकाऱ्याला मारायचे उपाय झाले. त्याच्यावर जगणारा विषाणू आणून सोडला, तो वरच्या थरातच संपला. मोठमोठी माणसं आली, मान हलवून गेली. काळ्या मातीच्या भेगा खोल असतात. हाकारा तिथं जाऊन बसला होता, जिथं औषध पोचत नाही आणि पाणी पोचतं.

चौकशी बसली. साहेबांनी शिवकन्येला विचारलं, जीव बाहेर गेला कसा? ती म्हणाली, "पिंप मी उघडं ठेवलं. माझी हयगय." तिची नोकरी गेली, नाव गेलं. दिगंबर घरी येऊन प्रयागला म्हणाला, "पोरगी तुझ्यापायी खोटं बोलली."

प्रयागनं शिवकन्येला गाठलं. "का बोललीस तसं?"

"काय सांगू? की आंबिलात गेलं? लोक तुझ्या हातचं पाणी पिणार न्हाईत वैनी. मला ह्या गावात ऱ्हायचं न्हाई, तुला ऱ्हायचंय."

"मला बी हितं तोंड दाखवायचंय. खोट्या तोंडानं कसं दाखवू?"

"बोलून एक तरी कणीस बाहेर येणार हाय का?"

ते खरंच होतं. कुणी काहीही केलं तरी एक कणीस बाहेर येणार नव्हतं.

तरी सप्ताहात, काल्याचं कीर्तन संपून आरतीला उठायच्या आधी, प्रयाग मंडपात उभी राहिली. माझा पखवाज मांडीवर तसाच होता. ती म्हणाली, "शिवूची चूक न्हाई. म्या घातलं. समद्यांच्या मडक्यात. मला वाटलं, प्रसाद हाय."

मग राजाबाई उठली. आता ही काय बोलते, म्हणून मी डोळे मिटून घेतले.

"तू दोन वाट्या घातल्यास," राजाबाई म्हणाली, "आन् म्या मडकं पुढं केलं. आता कुणाला बोलायचं बाई? बस खाली."

कुणी शिवी दिली नाही. एकेक जण प्रसाद घेऊन निघून गेला. महाराज बराच वेळ वीणा कवटाळून उभे होते. त्यांनी नंतर काल्याचं कीर्तन कितीदा केलं असेल, पण माझं ताट, तुझं ताट हे शब्द त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकले नाहीत.

शिवकन्या जिवंत बुरशीची माती शोधत शिवारभर फिरत राहिली. प्रयाग तिच्याबरोबर जाई आणि एकेक जागा पुसून टाकी. ओढा? तिथं शिंपली होती. गायरान? तिथंही. देवळामागचा वड, अंगणातली तुळस?

"तुळशीला तर पहिल्यांदा घातली," प्रयाग म्हणाली. "जिथं जिथं जीव होता तिथं तिथं घातली गं. काय सोडलंच न्हाई. आता मसणवट्यात कोण येळवस करतंय?"

शिवकन्या चालता चालता थांबली.

आमचं स्मशान उंच टेकाडावर आहे. तिथलं पाणी खाली येतं, खालचं वर जात नाही. तिथं कुणी आंबील शिंपत नाही. वर रानगवत माजलेलं होतं. शिवकन्येनं पाय धुऊन, नवं फावडं घेऊन तिथली माती काढली आणि गवताचं मूळ निळ्या रंगात बुडवलं. प्रयागनं डोळा लावला. मुळाच्या पोटात बारकी बारकी झाडं, फांद्या फुटलेली.

स्मशानातून निघालं की मागं वळून बघत नाहीत, आणि तिथलं काही घरात आणत नाहीत. प्रयागनं त्या मातीची कुंडी डोक्यावर घेऊन आणली. केंद्रातून टाकून दिलेल्या काचेच्या कपाटात ठेवली, तिच्यात ज्वारीचे दाणे टोकले. पाणी उकळून घालायची. कपाटापाशी जायच्या आधी आंघोळ, धुतलं लुगडं, शेताची धूळ पायाला नको. कुंडीतली ज्वारी वाढली, निसवली. डौलदार कणीस आलं. बघायला सगळं गाव आलं आणि उंबऱ्याबाहेरून हात जोडून गेलं.

"आता ही माती रानात कवा घालायची?" राजाबाईनं विचारलं.

"घातली की मरंल," शिवकन्या म्हणाली. "खाली हाकारा जागा हाय. तिला पण बोलावून बोलावून मारंल."

"मग किती दिवस ठिवायची?"

"मला म्हाईत न्हाई, काकू."

एवढी शिकलेली पोरगी, आणि तिच्यापाशी एवढंच उत्तर होतं. अजूनही तेवढंच आहे.

गावानं टेकाडाला कुंपण घातलं. वर कुणी जायचं नाही, मयत झाली तरी नाही, कारण खांदेकऱ्यांच्या पायाला रानाची माती असते. दहनाची नवी जागा ओढ्यापलीकडं ठरली. पण आई-बापाची राख टेकाडावर असताना आपल्या माणसाला तिकडं परक्या माळावर न्यायला कुणाचं मन होईना. म्हातारीकोतारी हट्ट धरायची, कुंपण मोडायचं म्हणायची. त्यातच प्रयाग आजारी पडली. बोलणं संपत आलं तेव्हा दिगंबरला म्हणाली, "मला टेकाडावर नगा नेऊ. पलीकडं न्या. मी पहिली जाते, मग कुणी कुरकुरणार न्हाई."

तिच्या सासरचे सगळे टेकाडावर आहेत. ती एकटी ओढ्यापलीकडं. तिच्यानंतर कुणी कुरकुरलं नाही.

कुंडी शिवकन्या सांभाळते. दरवर्षी मूठभर दाणे होतात, तेच परत टोकते. रानात हाकारा अजून आहे. मी कधी बांधावर बसतो तेव्हा पायाखाली काय चाललं असेल ते मनात येतं. एवढी हाक, आणि ओ द्यायला कुणी नाही. नामस्मरण करणाऱ्या माणसानं असं म्हणू नये, पण त्या वेळी माझ्या तोंडून नामही निघत नाही.

आख्यान इथं थांबवतो. पुढचं मला ठाऊक नाही. तुम्हाला एकच मागणं आहे. घरी जाल, जेवायला बसाल, भाकरी कुठल्याही धान्याची असो, पहिला तुकडा मोडण्याआधी क्षणभर हात थांबवा आणि आमच्या प्रयागची आठवण काढा. तिनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या हाकेला ओ दिली. तेवढी एक ओ आता तुम्ही तिला द्या.